मऊ कूज कशी ओळखावी आणि कशी रोखावी: नव्याने पीक घेणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

बटाट्याच्या ढिगात हात घालावा आणि एखाद्या बटाट्यात बोट सरळ आत जावं. साल जागच्या जागी, आत मात्र पांढरट लगदा. हे ज्याने एकदा अनुभवलं त्याला मऊ कूज वेगळी शिकवावी लागत नाही. अडचण एवढीच की तोवर त्या बटाट्यासाठी करण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि बहुतेकदा त्याला चिकटून बसलेल्या चार-पाच बटाट्यांसाठीही नसतं.

नवे लोक मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "यावर काय फवारू?" उत्तर कडू आहे. लागण झालेल्या झाडाला किंवा कंदाला बरं करणारं औषध नाही. पण जिवाणूंमुळे होणारा हा रोग कसा वागतो ते नीट कळलं, तर त्याला रोखणं बऱ्यापैकी आपल्या हातात असतं. त्याला तीन गोष्टी एकत्र मिळाव्या लागतात: जखम, पाणी आणि कोंडलेली हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातली एक तरी गोष्ट त्याला मिळू नये यासाठी आहेत. एखादी पायरी तुमच्या पिकाला लागू नसेल तर ती का सांगितली आहे तेवढं वाचा आणि पुढे जा.

हे जिवाणू कोण, आणि ते करतात काय

वनस्पतीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. विटांच्या भिंतीत चुना किंवा सिमेंट असतं तसंच. मऊ कुजीचे जिवाणू पेक्टिन विरघळवणारी विकरं (एन्झाइम) बाहेर सोडतात. सांधा सुटला की पेशी सुट्या होतात, त्यांच्यातलं पाणी बाहेर येतं आणि कडक कंदाचा चिखल होतो. जिवाणू हे पाणी आणि त्यातली साखर खाऊन वाढतात. म्हणून कुजलेला भाग नेहमी ओला असतो, आणि तो ओलावाच पुढच्या कंदापर्यंत जिवाणू वाहून नेतो.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे जिवाणू आत शिरल्या शिरल्या हल्ला करत नाहीत. ते एक रासायनिक संदेश सोडत राहतात आणि आपली संख्या पुरेशी झाली की मगच सगळे मिळून विकरांचा मारा सुरू करतात. तोपर्यंत कंद बाहेरून निरोगी दिसतो आणि असतोही जवळपास निरोगीच. याला सुप्त लागण म्हणतात. "काल तर सगळं चांगलं होतं, एका रात्रीत कसं नासलं?" असं जे वाटतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. जिवाणू काल आलेले नसतात, आधीपासून आत असतात. काल त्यांना फक्त हवं ते वातावरण मिळालेलं असतं.

नावांबद्दल थोडं सांगतो, कारण जुनी पुस्तकं आणि नवी माहिती यांचा मेळ बसत नाही म्हणून पुष्कळ जण गोंधळतात. १९०१ मध्ये एल. आर. जोन्स यांनी गाजरातल्या मऊ कुजीच्या जिवाणूचं वर्णन केलं आणि त्याला बॅसिलस कॅरोटोव्होरस म्हटलं. पुढे हा गट एर्विनिया या नावाखाली गेला. ते नाव वनस्पतींच्या जिवाणूजन्य रोगांवर मूलभूत काम करणाऱ्या एर्विन स्मिथ यांच्यावरून पडलं. आता त्याची विभागणी झाली आहे. मुख्य दोन प्रजाती पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया. डिकेया हे नाव २००५ मध्ये रॉबर्ट डिकी यांच्यावरून दिलं गेलं. म्हणजे जुन्या पुस्तकातलं एर्विनिया कॅरोटोव्होरा आणि आजचं पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरम ही एकाच जिवाणूची दोन नावं. स्युडोमोनास आणि बॅसिलस या गटांतल्या काही जातीही मऊ कूज करतात. बचावाचे उपाय मात्र जवळपास तेच राहतात.

तापमानाचा फरक मात्र लक्षात ठेवा. पेक्टोबॅक्टेरियम अॅट्रोसेप्टिकम थंड हवेत जोर धरतो, साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली. त्यामुळे तो थंड प्रदेशातल्या बटाट्यात जास्त दिसतो. पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरम आणि डिकेयाच्या बहुतेक जातींना २५ ते ३५ अंश मानवतं. उकाडा आणि ओल एकत्र आले की यांचं फावतं.

पहिली पायरी: हीच कूज आहे ना, ते बघा

चुकीची ओळख करून घेतलेली मेहनत वाया जाते, म्हणून इथे घाई करू नका. एक रोगट कंद घ्या आणि चाकूने उभा कापा.

बटाट्यात मऊ कूज असेल तर आतला गर पांढरट ते फिकट पिवळसर आणि लगद्यासारखा दिसतो. कुजलेला आणि चांगला भाग यांच्या मधली सीमा स्पष्ट असते, बहुतेकदा तिथे तपकिरी किंवा काळी रेघ असते. चांगला भाग अगदी कडक राहतो. पाण्याखाली धरलं तर लगदा धुऊन जातो आणि वाटीसारखा खड्डा उरतो. सुरुवातीला वास फारसा नसतो. नाक मुरडायला लावणारी ती घाण नंतर येते, कुजलेल्या भागावर दुसरे जिवाणू बसल्यावर. म्हणजे "वास नाही, तर मऊ कूज नाही" हा निष्कर्ष चुकीचा आहे.

आता याच्याशी गल्लत होणारे रोग. कापलेला भाग हवेत ठेवल्यावर २० ते ३० मिनिटांत गुलाबी झाला तर ती गुलाबी कूज आहे. ती फायटोफ्थोरा गटातल्या बुरशीसदृश जीवामुळे होते. कूज कोरडी, सुरकुतलेली, आत पोकळी आणि पोकळीत बुरशीचा कापूस दिसला तर फ्युजॅरियम या बुरशीची कोरडी कूज. कापल्यावर सालीपासून थोडं आत असलेलं वलय तपकिरी दिसलं आणि दाबल्यावर त्यातून पांढरट थेंब आले, तर राल्स्टोनिया या वेगळ्या जिवाणूमुळे होणाऱ्या तपकिरी कुजीचा संशय घ्या. शेतात झाडं हिरवीच मरगळत असतील तर खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवून बघा. दुधासारखा धागा खाली उतरू लागला तर संशय पक्का. हा रोग अनेक देशांत कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा तिथे स्वतः प्रयोग करत बसू नका.

शेतात उभ्या बटाट्यावर याच जिवाणूंमुळे काळा पाय दिसतो. खोडाचा बुडखा काळा, बुळबुळीत होतो. काळेपणा खालून, म्हणजे लावलेल्या बेण्याकडून वर चढतो. पानं पिवळी पडून वर वळतात आणि झाड हलकेच ओढलं तरी सहज हातात येतं. खोडावरचा डाग कोरडा, तपकिरी आणि खरबरीत असेल तर तो बहुधा रायझोक्टोनिया या बुरशीचा.

बाकी पिकांत थोडक्यात असं. कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांवर काही दिसत नाही, पण मान मऊ लागते आणि कांदा बुडाकडून दाबला की मानेतून पाणी येतं. उभा कापला तर एक-दोन पापुद्रेच पाणचट असतात आणि शेजारचे ठणठणीत. दाबल्यावर आतला गाभाच सटकून बाहेर आला तर ते काम बहुधा बर्खोल्डेरिया या दुसऱ्या जिवाणूचं असतं, पण बचावाची रीत वेगळी नाही. गाजरात कूज शेंड्याकडून गाभ्यात उतरते आणि साल नळीसारखी मागे राहते. फुलकोबीच्या गड्ड्यावर आधी पाण्याने भिजल्यासारखे ठिपके येतात, मग ते तपकिरी होतात. टोमॅटोच्या खोडातला गाभा कुजून खोड पोकळ होतं. केळीत कंद कुजतो आणि झाड बुडातून कोलमडतं.

आलं आणि हळदीबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. त्यांच्या कंदकुजीमागे बऱ्याचदा पिथियम नावाचा बुरशीसदृश जीव असतो, जिवाणू नव्हे. लक्षणं दिसायला जवळजवळ सारखीच. इथे डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, प्रयोगशाळेत नमुना द्या, कारण पिथियमवर चालणारं औषध जिवाणूवर चालत नाही आणि उलटही तेच.

दुसरी पायरी: घरच्या घरी खात्री

याला महागडं काही लागत नाही. एक कडक, निरोगी बटाटा धुऊन घ्या. ५ टक्क्यांच्या आसपासचं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण करून त्यात बटाटा दहा मिनिटं बुडवा, मग उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. स्वच्छ चाकूने साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. झाकणाच्या डब्यात ओला कागद अंथरून त्यावर त्या ठेवा.

आता नवी दातकोरणी घ्या आणि रोगट कंदाच्या कुजलेल्या आणि चांगल्या भागाच्या सीमेवर टोचा. मधल्या घाणेरड्या लगद्यातून घेऊ नका. तिथे मागाहून आलेल्या जिवाणूंची गर्दी असते, खरा कारणीभूत सीमेवर पुढे सरकत असतो. तीच दातकोरणी एका चकतीत तीन ठिकाणी टोचा. दुसऱ्या चकतीत कोरी दातकोरणी टोचा, ही तुलनेसाठी. झाकण लावा आणि डबा २५ ते ३० अंशांच्या जागी ठेवा.

२४ ते ४८ तासांत पहिल्या चकतीवर टोचल्या जागी पाणचट, मऊ खळगा पडला आणि दुसरी चकती तशीच राहिली, तर पेक्टिन विरघळवणारा जिवाणू आहे हे नक्की. दोन्ही कुजल्या तर प्रयोग बाद, स्वच्छता कमी पडली. नेमकी जात कोणती ते यातून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत खास पेक्टेट माध्यमावर जिवाणू वाढवतात, तिथे वसाहतीभोवती खोल खळगे पडतात, आणि पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी करतात. चाचणी झाली की डबा आणि चकत्या शेतापासून लांब फेका आणि हात धुवा.

तिसरी पायरी: बेणं

बटाट्यात आणि कंदपिकांत हा रोग मुख्यतः बेण्यातून येतो. तुम्ही शेत कितीही चांगलं तयार करा, बेण्यातच सुप्त लागण असेल तर ती जमिनीत तुमच्या आधी पोचते. म्हणून प्रमाणित बेणं घ्या. ऊतिसंवर्धनातून आलेली रोपं किंवा त्यांच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीचं बेणं मिळालं तर उत्तम, कारण जसजशा शेतातल्या पिढ्या वाढतात तसतशी लागण साचत जाते.

लावणीच्या दोन-एक आठवडे आधी एक तपासणी करा. बेण्यातून वेगवेगळ्या गोण्यांमधून वीसेक कंद काढा. प्रत्येक कंद ओल्या कागदात गुंडाळा, वरून स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळा आणि २० ते २५ अंशांत चार-पाच दिवस ठेवा. ओलावा आहे, हवा नाही, म्हणजे जिवाणूला हवं ते सगळं तुम्ही मुद्दाम देताय. मग उघडून पाहा. सालीवरच्या बारीक ठिपक्यांभोवती मऊ, बुडबुडणारी वर्तुळं किती कंदांवर आहेत ते मोजा. प्रत्येक बेण्यात थोडं काहीतरी निघतंच, त्याने घाबरू नका. पण निम्म्याहून जास्त कंद नासले तर ते बेणं ओल्या, भारी जमिनीत लावू नका. दोन गोण्यांमधून एक निवडायची असेल तर ही चाचणी फार कामाची आहे.

शक्यतो लहान, अख्खे कंद लावा. कापावंच लागलं तर चाकू ठरावीक कंदांनंतर ब्लीचच्या द्रावणात बुडवा. दोन चाकू ठेवले की एक बुडवणीत राहतो आणि काम थांबत नाही. कुजका कंद कापला गेला तर तो चाकू लगेच बाजूला. एका कुजक्या कंदावरून फिरलेलं पातं पुढच्या कित्येक फोडींना जिवाणू लावत जातं.

कापलेल्या फोडींना लगेच मातीत घालू नका. त्या पसरून, १२ ते १८ अंशांत, दमट पण खेळत्या हवेत काही दिवस ठेवा. कापलेल्या बाजूवर बुचासारखा थर धरतो आणि तीच जखमेवरची खपली. हा थर बनायला प्राणवायू लागतो, म्हणून फोडींचा उंच ढीग करून ठेवला तर उलटच होतं. शीतगृहातून काढलेलं बेणं थंडगार असताना उघड्यावर आणलं की त्यावर दव धरतं. ते आधी हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, कोरडं होऊ द्या, मग कापा आणि लावा.

चौथी पायरी: शेत

चिबड जमीन आणि मऊ कूज यांचं जुनं नातं आहे. पाणी साचलं की मातीतली हवा संपते. कंद श्वास घेऊ शकत नाही, त्याची बचावाची यंत्रणा मंदावते. सालीवरची श्वासरंध्रं फुगून उघडतात, आणि या जिवाणूंना तर प्राणवायू असला काय नसला काय, सारखंच. ते दोन्हीकडे जगतात. सगळ्या रोगाची गोम इथे आहे. पूर्ण भिजलेल्या मातीत काही तास राहिलेला कंदही कमकुवत होतो.

म्हणून लावणी वाफसा आल्यावरच, उंच वरंब्यावर करा. उगवण होईपर्यंत पाणी हात राखून द्या. नव्या माणसाला कोरडी माती बघवत नाही आणि तो उगवणीआधीच भरपूर पाणी सोडतो. बेण्यासाठी तो सर्वांत नाजूक काळ असतो. तुषार सिंचनापेक्षा ठिबक बरं, कारण पानं कोरडी राहतात आणि शिंतोड्यांतून जिवाणू उडत नाहीत. ओढ्या-तळ्यांच्या उघड्या पाण्यातही हे जिवाणू सापडतात. कुजलेला माल पाण्यात टाकण्याची सवय वाईट आहे, ती याचसाठी.

खतांमध्ये नत्राचा अतिरेक टाळा, विशेषतः उशिराचा. पालेदार, पाणीदार, कोवळी वाढ जिवाणूला सोपी जाते आणि कंदाची साल वेळेवर पक्की होत नाही. कॅल्शियम पुरेसं असलं तर पेशींमधला सांधा मजबूत होतो. कमतरता असेल तर ती भरून काढा, पण माती तपासल्याशिवाय आंधळेपणाने टाकत सुटू नका.

फेरपालटाबद्दल एक दिलासा. झाडाच्या अवशेषांशिवाय, मोकळ्या मातीत हे जिवाणू फार काळ तगत नाहीत, तापमान आणि ओलीप्रमाणे काही आठवडे ते काही महिने. पण मागच्या पिकाचे राहिलेले कंद, कुजायला सोडलेला पाला आणि आपोआप उगवलेली झाडं त्यांना पुढच्या हंगामापर्यंत पोचवतात. म्हणून बेवड निवडताना तृणधान्य घ्याच, आणि मागचे कंद वेचून काढणंही तेवढंच पाळा. मक्याला मात्र डिकेयाच्याच एका जातीमुळे खोडकूज होते, तेव्हा ती लागण झालेल्या शेतात मका घेऊ नका.

काळा पाय दिसलेलं झाड नुसतं उपटू नका. खालचं कुजकं बेणं आणि लागलेले बाळकंद मातीसकट खणून पिशवीत भरा आणि शेताबाहेर न्या. झाड तिथेच बाजूला टाकलं तर माश्या त्यावर बसून जिवाणू पुढे नेतात. कोबीवर्गीय पिकांत मुळं पोखरणाऱ्या माशीच्या अळ्या जखमही करतात आणि जिवाणूही आत नेतात, म्हणून तिथे किडीचा बंदोबस्त हा रोगाचाच बंदोबस्त. पानं ओली असताना शेतात शिरू नका, खुरपणी आणि भर देणं कोरड्या दिवशी उरका, आणि खुरपं बुडख्याला लागू देऊ नका.

आता फवारणीबद्दल, कारण ते विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. तांबेयुक्त औषधं पानांवर किंवा जखमेवर बसलेल्या जिवाणूंना थोडी आडकाठी करतात, आत शिरलेल्यांपर्यंत पोचत नाहीत. जमिनीतल्या कंदाला त्यांचा उपयोग जवळपास नाहीच. प्रतिजैविकं पिकांवर वापरू नयेत असंच माझं ठाम मत आहे. अनेक ठिकाणी त्यांवर बंदी किंवा कडक बंधनं आहेत, जिवाणू त्यांना सरावतात, आणि कंदाच्या आत ती पोचत नाहीत ते नाहीतच. यावर खर्च होणारा पैसा निचऱ्याचा चर खणायला वापरलात तर जास्त कंद वाचतील.

पाचवी पायरी: काढणी

शेतात जे सांभाळलं ते काढणीच्या दोन दिवसांत घालवता येतं. बटाट्याचा पाला कापल्यावर किंवा वाळवल्यावर साधारण दोन ते तीन आठवडे थांबा. अंगठ्याने जोरात घासलं तरी साल सुटत नाही इतकी पक्की होऊ द्या. कोवळी साल सुटलेला प्रत्येक बटाटा म्हणजे उघडी जखम.

माती कोरडी असताना काढा. पाऊस पडून गेल्यावर निदान वाफसा येईपर्यंत धीर धरा. कंद १५ सेंटिमीटरपेक्षा उंचावरून टाकू नका. क्रेटमध्ये फेकणं, गोण्यांवर उभं राहणं, गाडीत ढकलणं, या तीन जागांवर सर्वांत जास्त ठेचा लागतात, आणि ठेच बाहेरून दिसत नाही. काढलेले कंद कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नका. उन्हाने भाजलेल्या सालीखालचा भाग मरतो आणि तिथून कूज सुरू होते. पाणी साचलेल्या खोलगट भागातला माल वेगळा काढा आणि वेगळाच ठेवा. तो साठवणीत मिसळला तर बाकीचाही जातो.

कांद्याची मान पडल्यावर काढणी करा. पात सुकू द्या, मान बोटांनी चोळल्यावर आतून ओलसर सरकत नाही इतकी. मान ओली असताना पात कापली की कापलेल्या तोंडातून जिवाणू थेट पापुद्र्यात उतरतो. कापताना दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवा. कोबी आणि फुलकोबी कापताना पान ओलं नसावं आणि कापलेला देठ मातीवर टेकू देऊ नये.

सहावी पायरी: धुणं, आणि शक्यतो न धुणं

साठवायचा माल धुऊ नका, कोरडी माती हाताने झटका. धुणं गरजेचंच असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच पूर्ण वाळवा. टाकीत बुडवून धुण्याचा धोका असा की एका कुजक्या कंदाने सगळं पाणी दूषित होतं आणि मग प्रत्येक कंद त्यात न्हाऊन निघतो. टाकी वापरायचीच तर पाण्यात ५० ते १५० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) मुक्त क्लोरीन आणि सामू (पीएच) ६.५ ते ७.५ च्या दरम्यान ठेवा. माती आणि पाला क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत टिकेल असं धरू नका. पट्टीने मोजत राहा, पाणी गढूळ झालं की बदला. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

टोमॅटोच्या बाबतीत पाणी फळापेक्षा पाच अंश तरी कोमट असावं. गरम फळ थंड पाण्यात पडलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खळग्यातून पाणी, त्यातल्या जिवाणूंसकट, आत खेचलं जातं.

सातवी पायरी: साठवण

बटाट्याला साठवणीच्या सुरुवातीला १२ ते १६ अंशांत, दमट आणि खेळत्या हवेत १० ते १४ दिवस जखमा भरू द्या, मग तापमान हळूहळू उतरवा. बेणं २ ते ४ अंशांत, खायचा बटाटा ७ ते १० अंशांत. ज्या मालात आधीच ओली कूज दिसते आहे त्याला मात्र हा उबदार काळ देऊ नका. तो लगेच कोरडा करा, थंड करा आणि आधी संपवा. कांद्याला ० अंशाच्या आसपास आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता, नाहीतर २५ ते ३० अंशांत भरपूर खेळती कोरडी हवा. गाजराला ० अंश आणि जवळजवळ पूर्ण आर्द्रता लागते, पण पाण्याचा थेंब चालत नाही.

थेंबाचीच गोष्ट सांगतो. एकदा रात्री पाऊस येईल म्हणून मी कांद्याच्या थप्पीवर प्लास्टिकचा कागद नीट, कडा खोचून अंथरला. पाऊस आलाच नाही. सकाळी कागद उचलला तर त्याच्या आतल्या बाजूला थेंब ओळीने लोंबत होते आणि वरचे कांदे घामेजले होते. मी ते पुसलेही नाहीत, वाटलं उन्हात सुकतील. पंधरा दिवसांनी वरच्या थरातल्या कांद्यांच्या माना मऊ लागायला लागल्या, आणि खालचा, जिथे ते पाणी पोचलंच नव्हतं तो थर शेवटपर्यंत टिकला. माल श्वास घेतो, श्वासातून वाफ सोडतो, आणि ती वाफ जिथे थंड पृष्ठभाग भेटेल तिथे पाणी होते. झाकायचंच असेल तर वर हवेला वाट ठेवून झाका, मालाला कागद टेकू देऊ नका. गरम दुपारची हवा थंड साठवणीत सोडू नका, त्यानेही असंच दव धरतं.

ढीग फार उंच करू नका आणि जमिनीपासून वर, फटी असलेल्या फळ्यांवर ठेवा. आठवड्यातून एकदा तरी सगळ्या बाजूंनी फिरा. आधी नाकाने तपासा, मग डोळ्यांनी. माश्या एका जागी जास्त घोंगावत असतील, गोणीवर ओला डाग असेल, किंवा ढिगात हात घातल्यावर एक जागा बाकीपेक्षा गरम लागत असेल, तर तिथे उकरा. कुजका कंद काढताना त्याला लागून असलेले सगळे कंद, दिसायला चांगले असले तरी, वेगळे काढा आणि आधी वापरा. ओली झालेली जागा कोरडी झाल्याशिवाय ढीग परत लावू नका.

आठवी पायरी: कुजलेल्या मालाचं काय करायचं

हे जिवाणू माणसाला लागत नाहीत. तरी कुजका भाग कापून उरलेला कच्चा खाऊ नका. मऊ कुजलेल्या भाजीवर साल्मोनेलासारखे, माणसाला आजारी पाडणारे जिवाणू सहज वाढतात.

कुजलेला माल शेताच्या कडेला, चाऱ्यात किंवा पाण्यात जाऊ देऊ नका. पिकापासून आणि विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरा. कंपोस्टमध्ये टाकायचा असेल तर ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापतोय आणि पालटला जातोय याची खात्री करा. कोमट राहणाऱ्या घरगुती ढिगात तो टाकू नका.

क्रेट, चाकू, फळ्या आणि जमीन आधी साबणाच्या पाण्याने खरवडून घ्या. मातीच्या थरावर ओतलेलं ब्लीच मातीतच संपतं. मळ गेल्यावर एकास नऊ ब्लीचचं द्रावण दहा मिनिटं राहू द्या. धातूची अवजारं नंतर पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर गंजतात, किंवा त्यांना ७० टक्के अल्कोहोल वापरा. ज्या गोण्यांमध्ये माल नासला त्या पुन्हा भरू नका. बाकीचे क्रेट उलटे करून उन्हात ठेवा, आणि कोपऱ्यांतल्या फटीत बोट घालून ओल उरली नाही ना ते बघून मगच नवा माल आत घ्या.